सहा आठवड्यांची प्रीती

वैऱ्यावर प्रीती करणं ही माणसाला दिलेली सगळ्यात अवघड आज्ञा आहे, असं पाळकसाहेबांनी त्या रविवारी उपदेशात सांगितलं आणि सगळ्या मंडळीनं गंभीर होऊन माना खाली घातल्या. ते काही खरं नाही. वैऱ्यावर प्रीती करणं जमून जातं; जरा दात आवळावे लागतात, इतकंच. खरं अवघड असतं ते वैरी म्हणून ती प्रीती सोसणं. पण त्या बाजूनं या आज्ञेचा विचार फारसा कोणी केलेला नसतो, आणि कवळीवाल्यांनी तर नाहीच नाही. ते तिसऱ्या बाकावर बसून प्रसन्न चेहऱ्यानं मान डोलवत होते.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे. आसपासच्या चार दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे त्यांच्याकडे येत. ते ठशात प्लास्टर ओतून साचा काढत, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवत, हिरडीत एकेक दात रोवत, मग उकळत्या पाण्यानं मेण घालवून त्याच्या जागी पक्का माल भरत आणि शेवटी घासून घासून चकाकी आणत. मंडळीतले निदान अकरा जण त्यांच्या दातांनी जेवत आणि त्याच दातांनी गीतं गात. शिवाय कवळीवाल्यांना प्रार्थनेचं दान होतं. दर गुरुवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरे, आणि तिथे त्यांनी तोंड उघडलं की पंचवीस मिनिटं बघायला नको. प्रार्थना मोघम नसायची. आजाऱ्यासाठी मागताना ते दवाखान्याचं नाव, मजला आणि खाटेचा नंबरही सांगत. देव सर्वज्ञ आहे हे त्यांना मान्य होतं, तरी चुकीच्या खाटेवर कृपा व्हायला नको.

पाळकसाहेबांची योजना अशी होती. प्रत्येकानं आपल्या एका वैऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पाकिटात बंद करायची आणि पाकीट वेदीजवळच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मग सहा आठवडे, दर आठवड्याला एक, त्या माणसाचं काहीतरी भलं करायचं. नाव कोणाला सांगायचं नाही. सहाव्या रविवारी सगळी पाकिटं न फोडता अंगणात जाळायची.

कवळीवाल्यांची पंचाईत झाली. त्यांना वैरीच आठवेना.

"अगं, मला कोणी वैरी आहे का?" त्यांनी घरी विचारलं.

बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली. "तुम्हाला? मला काय ठाऊक?"

"आठवून बघ. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे."

"आहे," ती म्हणाली, आणि सुरी पुन्हा सुरू झाली.

शेवटी त्यांनी कोरी चिठ्ठी पाकिटात घातली. कोरी चिठ्ठी टाकताना माणसाला जेवढी नम्रता वाटायला हवी, त्यापेक्षा त्यांना थोडी कमीच वाटली. त्यांच्या मागून बायकोनं डब्यात दोन पाकिटं टाकली.

"दुसरं कोणाचं?"

"चिमीचं. तिच्या तिकडे असलं काही नाही. फोनवर नाव सांगितलं, मी लिहिलं."

कवळीवाल्यांना भरून आलं. चिमी ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या पोटातलं तीन महिन्यांचं बाळ गेलं, आणि तेव्हापासून ती वडिलांशी बोलायची थांबली होती. फोन यायचा तो आईला. कवळीवाल्यांच्या मते ती देवावर रुसली होती, आणि देवाला फोन लागत नसल्यामुळे राग बापावर निघत होता. तिचं कठीण झालेलं मन मऊ व्हावं म्हणून ते दर गुरुवारी मोठ्यानं प्रार्थना करत. आता तिनं पाकीट पाठवलं होतं. सासूचं नाव असणार, ते मनात म्हणाले. पोरगी वळणावर येतेय.

पहिल्याच शनिवारी मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक फुलझाडाची कुंडी ठेवून गेल्या. त्याच आठवड्यात सोमवारी ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी, जे कधी वळून बघत नसत, स्कूटर थांबवून त्यांना दवाखान्यापर्यंत सोडलं. शिंपीणबाईंनी त्यांच्या सदऱ्याची झिजलेली कॉलर मागून नेऊन उलटून शिवून दिली. पाळकसाहेबांनी चहाला बोलावलं. आणि बुधवारी संध्याकाळी सात वाजता फोन वाजला.

"बाबा, मी चिमी. औषधं घेताय ना वेळेवर?"

कवळीवाल्यांच्या हातात एक वरची कवळी होती. ती त्यांनी पाण्याच्या भांड्याऐवजी चहाच्या कपात ठेवली. "घेतो गं, घेतो! तू कशी आहेस?"

"बरी आहे. जपा. ठेवते."

चौतीस सेकंदांचं बोलणं झालं. पण चौदा महिन्यांनंतरचे चौतीस सेकंद म्हणजे काय, ते त्यांना विचारा. त्या गुरुवारी त्यांनी चाळीस मिनिटं उपकारस्तुती केली. मंडळीत जागृती आली आहे, माणसं बदलताहेत, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. पुढच्या शनिवारी दुसरी कुंडी आली, पुढच्या बुधवारी सात वाजता दुसरा फोन. "बाबा, गुडघा कसा आहे?" एकतीस सेकंद.

तिसऱ्या शनिवारी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त सुतार दुकानातल्या टेबलाचा लचकलेला पाय बसवायला आला. टेबलाखाली शिरता शिरता त्यानं पायरीकडे पाहिलं.

"काय रे, दातांचा धंदा सोडून रोपवाटिका काढलीस?"

"बाई देतात. दर शनिवारी एक. मंडळीत प्रीती वाढलीय, बाबा. तुझ्या डोक्यात नाही शिरायचं."

"मला नाही दिली कोणी कुंडी."

"तुझं तोंड बघ आधी."

सुतारानं दातांत धरलेला खिळा काढला आणि टेबलाखालून मान बाहेर काढून दोस्ताकडे नीट पाहिलं. "पाळकाला दिली? ऑर्गनवाल्याला दिली? मग तुलाच का? आठवड्याला एक, बरोब्बर. अरे शहाण्या, डब्यात कोणाकोणाची नावं पडलीत, काही विचार केलायस?"

"काहीतरी बरळू नकोस."

"बरं, नाही बरळत. हातोडी दे."

सुतार गेला. कवळीवाले मेणाची सुरी गरम करायला बसले आणि ज्योतीवर धरलेली सुरी लाल होईपर्यंत तशीच धरून राहिले. बाई शनिवारी. ऑर्गनवाले सोमवारी. शिंपीणबाई मंगळवारी, आता त्यांच्याकडे शिवायला सदरा उरला नव्हता, तर रुमालांना काठ घालत होत्या. पाळकसाहेब शुक्रवारी, चहा. मंडळीतल्याच वीजवाल्यानं दुकानातले दोन दिवे बदलून दिले होते, न सांगता. परिचारिकाबाई रक्तदाब मोजून जात होत्या. सहा झाले. मग त्यांना सातवं आठवलं. बुधवार, सात वाजता. औषधं, गुडघा, आणि या आठवड्यात, "बाबा, झोप लागते ना?" आठवड्याला एक, बरोब्बर.

सुरी हातातून खाली पडली आणि नुकत्याच दुरुस्त झालेल्या टेबलावर एक काळा डाग उमटला.

त्यानंतर दिवस वाईट गेले. माणसाला कोणी शिव्या घातल्या तर तो उलट घालतो किंवा निघून जातो. पण कुंडीला काय उलट द्यायचं? ऑर्गनवाले प्रत्येक खड्ड्यापाशी स्कूटर इतकी हळू करत, की मागे बसलेले कवळीवाले उतरून चालायला बघत.

"माझ्यामुळे तुम्हाला उगाच वळसा पडतो," ते म्हणत.

"छे छे, आनंद आहे," ऑर्गनवाले पुढे बघूनच म्हणत. भूल न देता दाढ काढताना पेशंट "दुखत नाही" म्हणतो, त्या आवाजात.

जेवण जाईना. कामात चित्त लागेना. डावीकडच्या दाढा उजवीकडे रोवून त्यांनी एक पूर्ण कवळी तयार केली, घासली, पॉलिश केली आणि पाठवून दिली. दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "अहो, ही कवळी हसतेय छान, पण मिटत नाही." तीस वर्षांत असं झालं नव्हतं. एवढ्या मंडळीत एकटा सुतार त्यांच्याशी पूर्वीइतकाच वाईट वागत होता, आणि कवळीवाले दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून त्याच्याकडून चार शब्द ऐकून येत. तेवढाच जिवाला आधार.

चौथ्या शनिवारी मोठ्या बाई कुंडी घेऊन आल्या, तेव्हा ते पायरीवर आडवे उभे राहिले.

"बाई, मी तुमचं काय वाकडं केलं?"

बाईंनी कुंडी छातीशी धरली. "असं विचारू नये, कवळीवाले. सांगायचं नसतं."

"डब्यात माझं नाव आहे की नाही, एवढंच सांगा."

"हे बघा, सांगायचं नाही असा नियम आहे आणि खोटं बोलायचं नाही अशी आज्ञा आहे. तुम्ही मला दोन्हीकडून कोंडीत धरताय." मग त्यांनी कुंडी खाली ठेवली आणि वर्गात फळ्याकडे वळावं तशा त्यांच्याकडे वळल्या. "चार वर्षांपूर्वी, गुरुवारी, माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर गुडघे टेकून तुम्ही प्रार्थना केलीत. 'हे प्रभू, आमच्या बाईंना तू वरचे चौदा आणि खालचे चौदा असे नवे दात दिलेस.' आठवतंय?"

"मी उपकार मानत होतो!"

"उपकार देवाचे मानत होतात. ऐकत आम्ही होतो. माझ्या सख्ख्या बहिणीला ठाऊक नव्हतं हो, की ते माझे दात नाहीत. मी नऊ महिने त्या खोलीत हसले नाही." बाईंचा आवाज थोडा हलला. "आपल्या खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करा, असं प्रभूनं सांगितलंय ते काय वाऱ्यानं दार आपटतं म्हणून?"

त्या निघाल्या, आणि मग परत वळून म्हणाल्या, "कुंडीला एक दिवसाआड पाणी घाला. तुम्ही जास्त घालता."

कवळीवाले साच्यांच्या फळीसमोर बसले. फळीवर मंडळीतले अकरा जबडे ओळीनं उघडे होते. एरवी त्यांना ते गात असल्यासारखे वाटायचे. आता त्यांना एकेक गुरुवार आठवू लागला. ऑर्गनवाल्या भावाला बाटलीच्या बंधनातून सोडव, हे प्रभू, जी तो गीतांच्या जुन्या पुस्तकांमागे ठेवतो. शिंपीणबाईंच्या मुलाला क्षमा कर, जो परीक्षेत चिठ्ठीसह सापडला. पाळकसाहेबांना झोप दे, कारण त्यांना दोन दोन गोळ्या लागतात. प्रत्येक वेळी मागे पाच-सहा आवाजांत "आमेन" झालं होतं, आणि त्यांना वाटलं होतं, प्रार्थना पोचली. ती पोचली होतीच. सगळीकडे पोचली होती.

आणि मग तो गुरुवार, चौदा महिन्यांपूर्वीचा. दुपारी त्यांनी सहज फोन केला, तो चिमीनं दवाखान्यातून घेतला. बाबा, बाळ गेलं. हे कामासाठी बाहेर आहेत, उद्या आले की मी समोर बसून सांगेन. तोवर कोणाला बोलू नका, आईलाही नाही, आईला मीच सांगते. ते "नाही बोलत, बाळा," म्हणाले, आणि खरोखरच ते कोणाशी बोलले नाहीत. ते फक्त देवाशी बोलले. त्याच संध्याकाळी, बावीस जणांत, गुडघ्यांवर, किती महिन्यांचं होतं आणि कुठल्या दवाखान्यात, ते सगळं सांगून. बायको शेजारीच गुडघे टेकून होती. ती त्या "आमेन"ला उठली नाही. दोघींनी धरून उठवावी लागली.

त्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते घरातल्या अडगळीच्या खोलीत गेले, दार लावलं आणि गुडघे टेकले. अर्धा तास गेला. ऐकायला कोणी नसताना देवाशी काय बोलतात, ते त्यांना सुचेना. मग बायकोनं दार वाजवून विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही," ते आतून म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हो."

पाचव्या बुधवारी त्यांना विचारायचा धीर झाला नाही. चिमीनं चष्म्याचा नंबर विचारला, त्यांनी सांगितला. सहाव्या बुधवारी सातला पाच कमी असतानाच ते फोन हातात घेऊन बसले होते.

"बाबा, जेवण जातंय ना? आई म्हणत होती, टाकता."

"चिमे, त्या पाकिटात माझं नाव आहे का?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"आहे," चिमी म्हणाली.

ठाऊक असलेली गोष्ट ऐकायलाही बळ लागतं. कवळीवाल्यांनी टेबलाची कड धरली. "मग येत्या रविवारनंतर?"

"सहा आठवडे सांगितलेत, बाबा."

"आणि नंतर?"

"नंतरचं मला नाही माहीत. एवढे सहा कसे केले, ते माझं मला ठाऊक."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच... बावीस जण तुझ्यासाठी रडत होते..."

"बाबा, रात्र व्हायच्या आत माझ्या सासूबाईंचा फोन आला. शास्त्रातलं वचन वाचून दाखवायला. त्यांना कोणाच्या तरी नणंदेनं सांगितलं. मी अजून खाटेवर होते. यांना काय आणि कसं सांगायचं, ते शब्द जुळवत होते मी. यांना ते त्यांच्या आईकडून कळलं." तिनं श्वास घेतला. "आणि त्यानंतर दर गुरुवारी माझ्या कठीण मनासाठी प्रार्थना. तेही कळतं मला, तारखेसकट."

एवढ्या वर्षांत कवळीवाल्यांना शब्दांची वाण पडली नव्हती. आज घशातून तीनच निघाले. "चुकलं माझं, चिमे."

"हं."

"मी आत्ताच्या आत्ता गुडघे टेकतो आणि..."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. मग चिमीचा आवाज खाली आला. "म्हणजे टेका. पण तोंड मिटून."

फोन ठेवला गेला. कवळीवाले तसेच बसून राहिले. बायकोनं ताट वाढलं आणि झाकून ठेवलं.

रविवारी उपासनेनंतर अंगणात लोखंडी घमेल्यात पाकिटं जाळली. कागद चांगला जाड होता, त्यामुळे वैर विझायला वेळ लागला. सगळे आत आले, आणि पाळकसाहेबांनी एक दीर्घ श्वास घेऊन, आपलं सहाव्या आठवड्याचं सत्कृत्य उरकावं तशा आवाजात म्हटलं, "समाप्तीची प्रार्थना कवळीवाले काका करतील."

मंडळीतल्या बाकांची लाकडं कुरकुरली. ऑर्गनवाल्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. शिंपीणबाईंनी मुलाचं मनगट धरलं. मोठ्या बाईंनी ओठ घट्ट मिटले.

कवळीवाले उभे राहिले. त्यांना सगळ्यांची क्षमा मागायची होती. बाई, मला क्षमा करा, तुमच्या दातांबद्दल. भाऊ, तुमच्या बाटलीबद्दल. एकेकाचं नाव घेऊन. पहिलं नाव ओठावर आलंसुद्धा, आणि तेव्हा त्यांना कळलं की ही क्षमा इथे मोठ्यानं मागायची म्हणजे तेच सगळं पुन्हा एकदा, सर्वांसमोर, क्रमानं वाचून दाखवायचं. बोलून केलेलं पाप बोलून धुता येत नव्हतं. त्यांनी दुसरं काही शोधलं. चिमीसाठी, असं मनात आलं, आणि तेही त्यांनी गिळलं. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरला, त्याच उलटून शिवलेल्या. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं.

"आमेन," कवळीवाले म्हणाले.

बावीस जणांच्या गुरुवारात किंवा शंभर जणांच्या रविवारात त्यांच्या "आमेन"ला एवढं मनापासून उत्तर कधी आलं नव्हतं. ते मात्र ऐकायला थांबले नाहीत. अजून सूचना वाचायच्या होत्या, तोवर ते बाजूच्या दारानं बाहेर पडून घरी आले, बूटही न काढता खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

सोमवारी ते पायीच दवाखान्यात गेले. मंगळवारी एक खालची कवळी पूर्ण केली, मिटत होती. बुधवारी त्यांनी काही केलं नाही. सकाळपासून फोन समोर ठेवून, तो चालू आहे ना, हे ते बघत होते. दुपारी सुतारानं "मेलास का रे?" म्हणून हाक मारली, तेव्हाही त्यांनी फोनवरची नजर काढली नाही. साडेसहाला त्यांनी फोन उलटा ठेवला, म्हणजे न वाजताना दिसायला नको. सात वाजले. त्यांनी डोळे मिटले. मोठ्यानं नव्हे, आतल्या आत, तपशिलाशिवाय, त्यांना पहिल्यांदाच काहीतरी मागता आलं.

सात वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा, मी चिमी. आई म्हणाली, रविवारी तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"नाही बोललो."

"काहीच?"

"आमेन म्हणालो."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. सर्दीही असू शकेल. मग ती म्हणाली की तिकडे हवा पडलीय, तिला शिंका येताहेत, घरमालकानं जिना रंगवलाय आणि तिचं नवं पातळ रंगाला लागून खराब झालं. असलं काही तिनं पूर्वीच्या सहा फोनांत सांगितलं नव्हतं. दोन मिनिटं अकरा सेकंद. कवळीवाल्यांनी फोन ठेवला आणि डोळे पुसत, भिंतीला धरत ते स्वयंपाकघरात आले.

"अगं, मुदत संपली तरी तिनं फोन केला! ऐकलंस? मोहीम संपली तरी! माफ केलं तिनं मला!"

बायकोनं गॅस बारीक केला.

"रविवारी तुम्ही सूचना वाचायच्या आधीच निघून आलात," ती म्हणाली. "पाळकसाहेबांनी मोहीम आणखी सहा आठवडे वाढवलीय. चिमीचं नवं पाकीटही मीच टाकलं."